अटकेची वेळ कोण लिहितं? नव्या पोलीस शिपायासाठी संविधान आणि कोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जिल्हा पोलीस दलात महिला शिपाई म्हणून माझी निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचंय. अभ्यासक्रमात संविधान आणि न्यायव्यवस्था आहे. तपास अधिकारी करतात, खटला सरकारी वकील चालवतात, मग शिपायाने अनुच्छेद २०, २१, २२ पाठ करून काय उपयोग? कोर्टं नेमकी किती प्रकारची, आणि तहसीलदार मॅजिस्ट्रेट कसा? साक्ष द्यायची वेळ आली तर काय करायचं, याची तर भीतीच वाटते."

अभिनंदन, ताई. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली सहा वर्षं कोर्ट पैरवीला, म्हणजे ठाण्याच्या खटल्यांचा कोर्टात पाठपुरावा करण्यात काढली, शेवटची काही वर्षं तुमच्यासारख्यांना कायदा शिकवला. दर बॅचमध्ये कुणीतरी हा प्रश्न विचारायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या ठाण्यात मी लॉकअप गार्डला होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास मोटरपंप चोरीच्या संशयावरून एका माणसाला आणलं. सहायक फौजदार म्हणाले, "याला आत्ताच डायरीला घेऊ नको, साहेब आल्यावर बघू." रात्री आठला खानावळीतून डबे आले. आरोपींच्या जेवणाचं बिल निघतं, त्यासाठी रजिस्टर असतं. मी नेहमीप्रमाणे लिहिलं: चार इसम, जेवण दिले, वेळ २०.१०. त्या चारात तोही होता. त्याचं नाव लिहून अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्याची अटक दाखवली गेली, आणि कोर्टात उभा केला तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला. कागदावर एकवीस तास, प्रत्यक्षात एक्केचाळीस.

माणसाने न्यायाधीशांना सांगितलं की मला परवा संध्याकाळी आणलंय. न्यायाधीशांनी ठाण्याची सगळी रजिस्टरं मागवली. स्टेशन डायरीत काहीच नव्हतं. जेवणाच्या रजिस्टरवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "अटकेच्या अठरा तास आधी हा माणूस तुमच्या लॉकअपमध्ये जेवतो कसा?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. कोठडी मिळाली नाही, तो जामिनावर सुटला, न्यायाधीशांचं पत्र अधीक्षकांकडे गेलं. चोरीचे पंप पुढे कधीच मिळाले नाहीत. परत आल्यावर मला ओरडा बसला तो "लिहिलंस कशाला?" असा. "खरी वेळ डायरीला का घेतली नाही?" असं कुणी कुणाला विचारलं नाही. तो शेतकरी फिर्यादी नंतर वर्षभर ठाण्यात खेटे घालायचा, आणि मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हतो.

त्या दिवशी कोर्टात वाचला गेलेला एकमेव खरा कागद दोन वर्षं नोकरी झालेल्या शिपायाच्या हातचा होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. माणसाला आणलं कधी, कुठून, कुणी, नातेवाइकाला कळवलं का, हे पहिल्यांदा कागदावर येतं ते ठाणे अंमलदाराच्या, मदतनिसाच्या, गार्डच्या हातून. कलम कुठलं लावायचं ते अधिकारी ठरवतात. वेळ तुम्ही लिहिता. आणि संविधानाने पोलिसांवर घातलेलं सगळ्यात कडक बंधन वेळेचंच आहे.

अनुच्छेद २२ नीट वाचा. अटक केलेल्याला लवकरात लवकर अटकेची कारणं सांगायची, त्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, आणि चोवीस तासांच्या आत सर्वात जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं. अटकेच्या ठिकाणाहून कोर्टापर्यंतच्या प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ तेवढा वगळायचा. रविवार वगळला जात नाही, दिवाळीही नाही; म्हणून तर सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा हुकूम द्यायला, न्यायाधीश नेमलेले असतात. अपवाद दोनच: शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच अडकवून ठेवणं.

हा अनुच्छेद संविधानात कसा आला हे प्रशिक्षणात फारसं कुणी सांगत नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. चोवीस तासांचा नियम नवा नव्हता, इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तो होता. संविधान सभेत जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद, म्हणजे आजचा २१, मंजूर झाला तेव्हा बऱ्याच सदस्यांना वाटलं की यात संसदेच्या हाती फारच मोकळीक राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा २२. त्यांचं म्हणणं साधं होतं: अटकेची कारणं सांगणं आणि चोवीस तासांत हजर करणं या गोष्टी संहितेत आहेतच, पण संहिता कुठलंही विधिमंडळ बदलू शकतं, त्या मूलभूत हक्कांत घातल्या की कायदेमंडळाला त्या सहज पुसून टाकता येणार नाहीत. म्हणजे तुम्ही डायरीत जी वेळ लिहिता ती सरकार बदललं, संहिता बदलली तरी तशीच महत्त्वाची राहील अशी तजवीज त्या माणसाने करून ठेवली. आणि झालंही तसंच. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम ५७ चं कलम ५८ झालं. चोवीस तास चोवीसच राहिले.

एक मोठा गैरसमज असा, की अटक फॉर्म भरला की अटक झाली. माणसाला त्याच्या मर्जीने उठून जाता येत नाही त्या क्षणापासून तो अटकेत आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच स्पष्ट केलंय. "चौकशीला बसवून ठेवलाय" हा शब्दप्रयोग ठाण्यात तुम्ही रोज ऐकाल. कायद्यात तो कुठेच नाही. शिवाय आता ठाण्यात सीसीटीव्ही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष सगळीकडे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. माझ्या वेळी जेवणाचं रजिस्टर बोललं, तुमच्या वेळी फुटेज बोलेल.

अटकेची कारणं सांगणं हाही आता तोंडी काम राहिलेला नाही. मनी लाँडरिंगच्या कायद्याखालच्या अटकेत कारणं लेखी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. मे २०२४ मध्ये यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, एका प्रकरणात तेच लागू केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल आला, तो सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे: कारणं लेखी द्यायची, त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि त्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हातात द्यायची. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. छापील "गुन्ह्याच्या तपासकामी अटक आवश्यक" हे कारण नव्हे. या माणसाने नेमकं काय केल्याचा संशय आहे, ते लिहावं लागतं. मेळघाटातला कोरकू माणूस असेल तर त्याला मराठी तरी वाचता येतं का, हे बघणं तुमचं काम आहे. प्रत दिल्याची सही, वेळ आणि तारीख घ्या, आणि नातेवाइकाला कळवल्याची नोंद लगेच करा. ही नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून, आपल्यावर बंधनकारक आहे. छातीवर नाव दिसेल अशी पट्टी लावायला लावली तीही त्याच निकालाने. गणवेश घालाल तेव्हा ते लक्षात राहू द्या.

आणि प्रत्येकाला अटक करायचीच असंही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते लिहून दाखवावं लागतं, नाहीतर नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं. ती नोटीस बजावायला तुम्हीच जाल. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून मोकळं होऊ नका, ती बजावणी धरली जात नाही. घरी जायचं, हातात द्यायची, सही घ्यायची.

तुम्ही महिला शिपाई आहात, म्हणून या भागावर जास्त बोलतो. रात्री दोनला फोन येईल, "मॅडम, एक लेडीज अटक आहे, या." जाण्याआधी विचारा: परवानगी आहे का? सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. हे त्याच संहितेचं कलम ४३(५). स्त्रीच्या अंगाला अटकेसाठी हात महिला पोलिसानेच लावायचा, झडती स्त्रीनेच आणि मर्यादा राखून घ्यायची. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जायचं. ती स्वतःहून यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. लैंगिक गुन्ह्यातली फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहायची. ही कलमं तुमच्या वरिष्ठांना माहीत असतात, पण घाईत राहून जातात. तुम्ही नम्रपणे "सर, परवानगीची प्रत सोबत घेऊ का?" एवढं विचारलंत तरी काम होतं.

एक जागा मी प्रत्येक बॅचला नकाशावर दाखवायचो. देसाईगंज, लोक वडसा म्हणतात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. १९७२ साली तिथल्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून आणली गेली. रात्री बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवलं. दोन पोलिसांवर खटला झाला. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा केली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असं कारण देत. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा, कडक गुन्हा झाला आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं की न्यायालय तसंच गृहीत धरू लागलं. तो गुन्हा आपल्या खात्याच्या एका ठाण्यात घडला होता. तुम्ही रात्रपाळीला असाल आणि एखादी बाई बाकावर एकटी बसलेली दिसेल, तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसा. तिला कधी आणलं, का आणलं, घरी कुणाला कळवलंय, हे विचारा आणि लिहा.

आता अनुच्छेद २०, त्यातला तिसरा खंड. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. ठाण्यात लोक म्हणतात, "कबूल झाला, संपलं." काहीच संपलेलं नसतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात शाबीत करताच येत नाही, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या) कायद्यात अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते, तो अपवाद. मग चालतं काय? आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर ती सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग. म्हणून आधी निवेदन पंचनामा होतो, मग आरोपी पंचांना आणि आपल्याला घेऊन जातो, उसाच्या फडातून कोयता काढून देतो, मग जप्ती पंचनामा. या सगळ्यात फावडं, लाख, लेबल, दोरा घेऊन सोबत असतो तो शिपाई. लाखेवर कुठला शिक्का मारला, पाकिटावर पंचांच्या सह्या घेतल्या की नाही, हे उलटतपासणीत विचारलं जातं. पंच फितूर झाले तर तुमचा शब्द आणि आता मोबाइलवरच्या ई-साक्ष्य अॅपचं चित्रीकरण, एवढंच उरतं. जप्तीचं चित्रीकरण नव्या संहितेने सक्तीचं केलंय, ते मध्येच तुटू देऊ नका.

बोटांचे ठसे घेणं मात्र स्वतःविरुद्ध साक्ष नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ च्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हा फरक ठरवला: बोटाचा ठसा, हस्ताक्षर ही शरीराची ओळख आहे, डोक्यातली माहिती नव्हे. नार्को चाचणी डोक्यातली माहिती काढते, म्हणून ती संमतीशिवाय नाही, हे २०१० मध्ये ठरलं.

कोर्टांची उतरंड पाठ करण्यापेक्षा एक खटला खालून वरपर्यंत चालत गेलेला डोळ्यांसमोर ठेवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचा कबुलीजबाब घेतला गेला, तो न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. पोलिसांसमोरचा चालणार नव्हता हे वर सांगितलंच. खटला चालला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष सत्र न्यायालयात. मे २०१० मध्ये फाशी सुनावली गेली. सत्र न्यायाधीश फाशी सुनावू शकतात, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अंमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेब्रुवारी २०११ मध्ये कायम केली. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नाकारला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. वकील त्यालाही दिला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात सगळ्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. त्याच खटल्यातले दोन सहआरोपी पुराव्याअभावी सुटले आणि ती सुटका वरपर्यंत टिकली. ओंबळ्यांनी माणूस पकडला, पुढच्या चार वर्षांत प्रत्येक पायरीवर कागद तपासला गेला. या दोन्ही गोष्टी मिळून खटला होतो.

तुमचं रोजचं काम मात्र तालुक्याच्या कोर्टात. तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतं: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. माणूस एकच, अधिकार दोन. सकाळी तेच रिमांड देतात, दुपारी बांधाच्या दाव्यात मनाई हुकूम देतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत. खून, दरोडा, बलात्कार असे खटले सत्र न्यायालयात चालतात. दोषारोपपत्र आधी दंडाधिकाऱ्याकडे जातं आणि ते खटला वर्ग करतात. पोक्सो, अॅट्रॉसिटी, अमली पदार्थ यांची विशेष न्यायालयं सत्र दर्जाची. मुंबईत पूर्वी महानगर दंडाधिकारी होते, नव्या संहितेने तो वेगळा वर्ग काढून टाकला. जुने लोक अजून तेच नाव घेतात, गोंधळू नका. वर मुंबई उच्च न्यायालय, १८६२ चं, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात त्याची खंडपीठं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पोलिसांची मुंबई वारी त्यामुळे टळली. कागद घेऊन रात्रीच्या एसटीने मुंबई गाठणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याची किंमत विचारा.

तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी. ते न्यायाधीश नाहीत, महसूल खात्याचे अधिकारी आहेत; गुन्हा घडू नये म्हणून बाँड घेणं हे त्यांचं काम. निवडणूक, गणपती, ऊरूस आला की ठाण्यातून चॅप्टर केसेस, म्हणजे असे बाँड घेण्याची प्रकरणं, जातात, त्या त्यांच्याकडे. आयुक्तालयात हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात. राज्याने न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवावी असं अनुच्छेद ५० सांगतो, म्हणूनच गुन्ह्याच्या रिमांडसाठी आरोपी न्यायदंडाधिकाऱ्याकडे न्यायचा असतो, तहसील कचेरीत नाही. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सुरुवातीला यातलं कुठलंच कोर्ट नाही. ते बाल न्याय मंडळासमोर जातं, त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, आणि सोबत जाताना साध्या कपड्यात जायचं.

कोर्टात दोन शब्द सतत ऐकाल, पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी). पहिल्यात आरोपी आपल्या ताब्यात, दुसऱ्यात तुरुंगात. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. नव्या संहितेत ती पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येते. आणि दोषारोपपत्र गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांत गेलं नाही, तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. दिवस मोजताना रिमांडचा पहिला दिवस धरायचा, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नक्की केलं. एका दिवसाच्या चुकीच्या मोजणीने खुनाचा आरोपी बाहेर आलेला मी बघितलाय. मृताची आई तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली होती. कॅलेंडरवर तारखेला गोल करून ठेवायचं काम बहुतेक ठाण्यांत क्राइम लिहिणाऱ्या अंमलदाराकडे असतं, पुढे ते तुमच्याकडे येईल.

अनुच्छेद ३३ ही वाचून ठेवा, तो तुमच्या स्वतःबद्दल आहे. त्याखाली १९६६ मध्ये केलेल्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या आणि वृत्तपत्रांत बोलण्याच्या हक्कांवर मर्यादा आहेत. गणवेशात रील टाकण्याआधी तो कायदा आणि खात्याची परिपत्रकं बघा.

आता साक्षीची भीती. शिपायाची साक्ष बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. मुद्देमाल कलिन्याच्या किंवा विभागाच्या प्रयोगशाळेत नेऊन दिला, समन्स बजावलं, घटनास्थळी बंदोबस्ताला होते, एवढंच. पण मुद्देमाल नेणाऱ्याच्या साक्षीत पाकीट रात्रभर कुठे होतं याचं उत्तर मिळालं नाही, तर प्रयोगशाळेच्या अहवालाला अर्थ उरत नाही. म्हणून निघाल्याची आणि जमा केल्याची वेळ, पत्राचा जावक क्रमांक, पोचपावती हे सगळं स्वतःच्या वहीतही लिहा. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटा, कागद वाचा. उभं राहिल्यावर न्यायाधीशांकडे बघून बोला. प्रश्न वकील विचारतात, उत्तर मात्र न्यायाधीशांना द्यायचं. प्रश्न समजला नाही तर तसं सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही, नोंद बघून सांगते" म्हणा. कायदा नोंद बघून आठवण ताजी करू देतो. बचावाचे वकील आवाज चढवतील. ते त्यांचं काम करतायत, अनुच्छेद २२ ने दिलेलंच काम. तुमच्यावर त्यांचा राग नाही.

सगळ्यात घातक प्रश्न साधा असतो: "पंचनामा जागेवरच लिहिला ना?" लिहिला नसेल आणि तुम्ही हो म्हणालात, तर पुढचा प्रश्न कागदाच्या रंगाचा असेल, त्यापुढचा त्या दिवशीच्या पावसाचा. मी हवालदार असताना एकदा असाच अडकलो होतो. पंचनामा पावसामुळे ठाण्यात बसून लिहिला होता, आणि कागदावर "जागेवर लिहिला" असा छापील मजकूर होता. वकिलांनी विचारलं, "पाऊस होता, मग शाई पसरली कशी नाही?" मी खरं सांगितलं: पावसामुळे ठाण्यात लिहिला, मजकूर छापील होता, खोडायचा राहिला. तीस सेकंद कोर्टात कुणी बोललं नाही. न्यायाधीशांनी ते तसंच टंकलेखकाला सांगितलं. निकालात त्यांनी पंचनामा बाजूला ठेवला, पण माझी बाकीची साक्ष विश्वासार्ह मानली, आणि शिक्षा त्याच साक्षीवर झाली.

केंद्रात हजर व्हायला अजून महिना आहे. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात एखाद्या दिवशी अकराच्या आत जा आणि मागच्या बाकावर बसा, सुनावणी सगळ्यांना खुली असते. रिमांडसाठी आणलेल्या आरोपीसोबत कोण आलंय, त्याच्या हातात कुठले कागद आहेत आणि न्यायाधीश पहिला प्रश्न काय विचारतात, तेवढं बघा. बहुतेक वेळा तो प्रश्न आरोपीलाच असतो: "तुला कधी पकडलं?"